आपत्तीतील वीज आणि स्थानिक स्वराज्य संस्था

(निरनिराळ्या राज्यांतील नगरपालिका व पंचायतींचे पदाधिकारी आणि लोकप्रशासनाचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या देशातील आपत्ती व्यवस्थापनाने किती मजल मारली हे पाहायचे असेल, तर ओडिशाच्या किनाऱ्यावरील दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवाव्यात. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळाने त्या राज्यात सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. ३ मे २०१९ रोजी 'फनी' हे चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १७५ ते १८५ किलोमीटर होता. मात्र त्यापूर्वीच बारा लाखांच्या आसपास लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हवामान खात्याचा अचूक इशारा, आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे आणि गावोगावच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांची फळी यांचे हे यश होते.

या यशाच्या दुसऱ्या दिवसापासून जे घडले त्याची चर्चा मात्र कमी होते. फनीमध्ये एक लाखाहून अधिक विजेचे खांब कोसळले. उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे वाकले. राजधानी भुवनेश्वरच्या अनेक भागांत वीज येण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला आणि पुरी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तर कित्येक आठवडे अंधार होता. मे महिन्याचा उन्हाळा, पंप बंद असल्याने नळाला पाणी नाही, मनोऱ्यांना वीज नसल्याने भ्रमणध्वनी मूक आणि एटीएम बंद असल्याने हातात रोकड नाही, अशा अवस्थेत लोकांनी ते दिवस काढले. प्रशासनाने ठिकठिकाणांहून जनित्रे मागवून पंपगृहे चालविली, हे खरे. परंतु कोणत्या पंपगृहाला किती क्षमतेचे जनित्र लागेल, हे शोधण्याचे काम वादळानंतर करणे आणि वादळाआधी करणे यांत अनेक दिवसांचे अंतर असते. आजच्या व्याख्यानाचा विषय हे अंतर आहे.

वीज कोणाची, जबाबदारी कोणाची?

स्थानिक संस्थांच्या बैठकांत हा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते : "वीज वितरण कंपनीकडे आहे, आम्ही काय करणार?" घटनेच्या आणि कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर अर्धेच खरे आहे. वीज हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत ३८ व्या क्रमांकावर आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 'ग्रामीण विद्युतीकरण, विजेच्या वितरणासह' हा चौदावा आणि 'अपारंपरिक ऊर्जा साधने' हा पंधरावा विषय पंचायतींसाठी नमूद आहे. ७४ व्या दुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र वीज वितरण नाही. तेथे केवळ नागरी सुविधांच्या ओघात पथदिव्यांचा उल्लेख येतो. परीक्षार्थी मित्रांनी हा फरक ध्यानात ठेवावा, कारण ग्रामीण संस्थेला कागदावर जे दिले गेले ते शहरी संस्थेला कागदावरही मिळालेले नाही. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांत दोघींच्याही हाती तारा नाहीत. मुंबईचा बेस्ट उपक्रम, नवी दिल्ली नगरपालिका परिषद आणि केरळातील त्रिशूर महानगरपालिका हे स्थानिक संस्थांनी स्वतः वीज वितरण करण्याचे मोजके अपवाद होत.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये मात्र स्थानिक संस्थेला सबब सांगता येत नाही. कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन योजना असावी लागते आणि कलम ४१ नुसार स्थानिक प्राधिकरणाने आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवणे, तसेच आपत्तीत लागणारी साधनसामग्री कोणत्याही क्षणी वापरता येईल अशा स्थितीत ठेवणे बंधनकारक आहे. २०२५ मध्ये या अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिकांची शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे.

माझ्या मते खरा मुद्दा याहूनही साधा आहे. तारा कंपनीच्या असल्या, तरी विजेवर चालणारे पंपगृह, मलनिस्सारण केंद्र, नगरपालिकेचा दवाखाना, शाळेतील निवारा, अग्निशमन केंद्र आणि विद्युतदाहिनी स्थानिक संस्थेची आहे. पुरवठ्याचे नियोजन कंपनीने करावे. गरजेचे नियोजन मात्र ज्याची गरज त्यानेच करावयाचे असते आणि तेच आज जवळजवळ कोठे होत नाही. वितरण कंपनीची संकटकालीन योजना तिच्या कार्यालयात असते, जिल्हा योजना जिल्हाधिकारी कार्यालयात असते आणि ग्रामपंचायत विकास आराखडा पंचायतीत असतो. या तीन कागदांची परस्परांशी भेट होत नाही. वास्तविक, पंचायती व नगरपालिका यांच्या योजनांचे एकत्रीकरण करण्यासाठी घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदाने जिल्हा नियोजन समिती दिलेली आहे. भेट घडविण्याची ती जागा होय.

एका गावाचा हिशेब

ऊर्जासज्जता म्हटले की मोठमोठे प्रकल्प डोळ्यांसमोर येतात आणि लहान संस्था तेथेच हात टेकतात. म्हणून मी तुमच्यासमोर तीन हजार लोकवस्तीच्या एका काल्पनिक गावाचा हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन पाहावा.

आणीबाणीत पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व किमान स्वच्छतेसाठी दरडोई पंधरा लिटर पाणी धरले, तर गावाला दररोज ४५,००० लिटर पाणी लागेल. विंधन विहिरीतून टाकीपर्यंत एकूण साठ मीटर उचल असेल, तर भौतिकशास्त्राच्या नियमाने त्यासाठी सुमारे साडेसात युनिट ऊर्जा हवी. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता निम्मी धरली, तर पंधरा युनिट. म्हणजे पाच अश्वशक्तीचा पंप साधारण चार तास चालविणे. आरोग्य केंद्रात लशींचा शीतकपाट, प्रसूतिगृहाचे दिवे, नवजात बालकाला ऊब देणारे यंत्र आणि एखादे प्राणवायू-संहतक यांसाठी आणखी पंधरा-वीस युनिट. शाळेतील निवाऱ्यात नऊ वॅटचे पन्नास दिवे रात्रीचे बारा तास जळले, तर साडेपाच युनिटही होत नाहीत. दोनशे भ्रमणध्वनी भारित करण्यास तीन युनिट पुरतात. सर्व मिळून दिवसाला चाळीस ते पंचेचाळीस युनिट झाले.

याच गावात सहाशे घरे असतील आणि प्रत्येक घर रोज दोन-तीन युनिट वापरत असेल, तर नेहमीचा घरगुती वापर बाराशे ते अठराशे युनिट होतो. आपत्तीत गाव जिवंत ठेवणारी वीज त्याच्या शेकडा दोन ते चार इतकीच आहे! डिझेल जनित्र एका लिटरमध्ये साधारण तीन युनिट देते. कमी भारावर ते त्याहून कमी देते हे गृहीत धरून दिवसाला वीस लिटर डिझेल मोजू. सात दिवसांचे झाले १४० लिटर. दोनशे लिटरचे एक पिंपही भरत नाही.

हा हिशेब प्रत्येक गावी वेगळा येईल. कोठे विहीर खोल, कोठे गुरुत्वाने येणारे पाणी, कोठे आरोग्य केंद्रच नाही. कोकणातील वाडी आणि आसामातील ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील बेट यांचा आकडा एक येणार नाही. तथापि त्याचे प्रमाण असेच लहान राहील, याविषयी मला शंका नाही. अडचण विजेच्या राशीची नाही. हा आकडा कोणी काढून ठेवलेला नसतो, ही आहे. तो नसल्यामुळे आपत्तीच्या दिवशी जिल्ह्याहून आलेले जनित्र कोठे जावे, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवितो.

यंत्र आहे, वीज नाही

आकडा हाती आल्यावर साधनांचा विचार करावा. येथे दोन गैरसमज वारंवार आढळतात आणि दोन्ही महागात पडतात.

पहिला गैरसमज सौरऊर्जेविषयी आहे. अलीकडे शेकडो सरकारी इमारतींच्या छपरांवर सौर पट्ट्या बसल्या आहेत आणि त्यामुळे आपत्तीत वीज मिळेल असे पदाधिकारी विश्वासाने सांगतात. परंतु यांपैकी बहुसंख्य संच वीजजाळ्याशी जोडलेले, बॅटरीविरहित असतात. जाळ्यातील वीज गेली की असा संच आपोआप बंद होतो. हा दोष नव्हे. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ती मुद्दाम केलेली सुरक्षा आहे. आपत्तीत वीज हवी असेल तर बॅटरी आणि जाळ्यापासून अलग होऊन चालू शकणारा संकरित इन्व्हर्टर हवा, तसेच इमारतीतील अत्यावश्यक दिवे व यंत्रे यांची वायरिंग निराळी हवी. निविदेतील दोन ओळींचा हा फरक आहे. त्या दोन ओळी राहून गेल्या, तर छपरावर लाखो रुपयांची पट्टी आणि खाली मेणबत्ती असे दृश्य दिसते.

याउलट छत्तीसगडने केलेले काम पाहावे. तेथे राज्याच्या अक्षय ऊर्जा विकास संस्थेने, म्हणजे 'क्रेडा'ने, शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सौर संच बसविले, आणि विशेष म्हणजे देखभालीची व्यवस्था त्याच संस्थेने आपल्याकडे ठेवली. संच बसविणे हा एका दिवसाचा समारंभ असतो. बॅटरीची काळजी मात्र वर्षानुवर्षे घ्यावी लागते.

लशींच्या शीतकपाटाचेही एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. बर्फाचे अस्तर असलेले कपाट चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी दोन ते आठ अंश तापमान राखू शकते. म्हणजे तेथे अखंड विजेची नव्हे, तर नेमलेल्या आठ तासांची तजवीज पुरेशी आहे. कोणत्या यंत्राला अखंड वीज हवी आणि कोणते थांबू शकते, एवढे वर्गीकरण केले की गरजेचा आकडा आणखी खाली येतो. प्राणवायूच्या बाबतीत उलट घडले आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर २०२१ मध्ये देशभरातील रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारी बाराशेहून अधिक संयंत्रे बसली. ती पूर्णतः विजेवर चालतात. ज्या रुग्णालयाचे जनित्र त्यापूर्वी घेतलेले आहे, त्याने नव्या भाराची बेरीज केली आहे काय, हे तपासून पाहावे.

दुसरा गैरसमज जनित्राविषयी. जनित्र विकत घेतले म्हणजे व्यवस्था झाली असे मानले जाते. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरात एका मोठ्या खासगी रुग्णालयात पाणी शिरले, जनित्रे बंद पडली आणि अतिदक्षता विभागातील अनेक रुग्ण दगावले. मृत्यूच्या कारणांविषयी पुढे वाद झाला. पण पूरप्रवण शहरात जनित्र, मुख्य विद्युत फलक आणि इंधनाची टाकी तळघरात असू नये, याविषयी कोणाचाच वाद नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरची पंपगृहे बुडाली आणि चहूकडे पाणी असलेले शहर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरवर अवलंबून राहिले. पंपाची मोटर व स्टार्टर ज्ञात पूररेषेच्या वर चढविणे हे ऊर्जा नियोजनच आहे, जरी अंदाजपत्रकात ते पाणीपुरवठा या सदराखाली लिहिले जात असले तरी.

जनित्राचा आणखी एक धोका क्वचितच बोलला जातो. घरातले किंवा कार्यालयातले जनित्र चेंजओव्हर स्विच न लावता थेट फलकाला जोडले, तर त्याची वीज उलट दिशेने तारांत जाते आणि रोहित्रातून उच्चदाब होऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा बळी घेऊ शकते. ज्या माणसाची आपण वाट पाहत आहोत, त्यालाच आपण मारतो. प्रत्येक सार्वजनिक इमारतीत हा स्विच आहे याची नोंद नगर अभियंत्याने स्वतःच्या सहीने ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

काही तास, काही दिवस, काही आठवडे

नियोजन करताना आपत्तीच्या नावाऐवजी अंधाराच्या कालावधीचा विचार करावा, असे मी सुचवितो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील वीजजाळी कोसळली आणि सुमारे साठ कोटी लोकसंख्येच्या प्रदेशातील वीज गेली. रेल्वेगाड्या जागीच थांबल्या. जगातील त्या वेळेपर्यंतचा हा सर्वांत मोठा वीजबिघाड; पण पुरवठा काही तासांतच टप्प्याटप्प्याने परतला, कारण तारा शाबूत होत्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा शहराला जाळ्यापासून अलग करून वाचविणारी द्वीपीकरण व्यवस्थाही टिकली नाही. तरीही प्रश्न तासांचाच होता. अशा बिघाडाला बॅटरी आणि भरलेली पाण्याची टाकी पुरते. पाण्याची उंच टाकी ही लहान संस्थेची सर्वांत स्वस्त बॅटरी आहे, हे विसरू नये.

पूर ओसरल्यावरचा प्रश्न दिवसांचा असतो. २०१८ च्या केरळमधील महापुरात सुरक्षिततेसाठी उपकेंद्रे व रोहित्रे बंद करावी लागली. पाणी उतरल्यावर राज्य वीज मंडळाने 'मिशन रिकनेक्ट' ही मोहीम हाती घेऊन लाखो जोडण्या पूर्ववत केल्या. अशा वेळी मोठे काम भिजलेल्या घरांतील वायरिंग तपासण्याचे असते. ते कंपनीच्या मोजक्या कर्मचाऱ्यांना उरकणारे नसते. प्रभागातील परवानाधारक तंत्री, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी आणि निवृत्त वायरमन यांची अद्ययावत यादी नगरपालिकेकडे असेल, तर दिवस वाचतात.

आठवड्यांचा अंधार येतो तो खांब आणि मनोरे पडल्यावर. ऑक्टोबर २०१४ मधील 'हुदहुद'नंतर विशाखापट्टणमने शहरातील वाहिन्या भूमिगत करण्याचा मार्ग स्वीकारला. तो खर्चिक आहे आणि प्रत्येक नगरपालिकेला परवडणारा नाही. पूरप्रवण भागात भूमिगत तारांचे स्वतःचे दुखणे असते. म्हणून सरसकट शिफारस मी करणार नाही. परंतु रुग्णालय व पंपगृह यांना जाणारी वाहिनी तेवढी भूमिगत करणे, आणि ती कंपनीच्या दुरुस्तीच्या क्रमात पहिली नोंदवून घेणे, बहुतेकांच्या आवाक्यात आहे. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' गुजरातमध्ये जखाऊजवळ धडकले. त्यापूर्वीच वीज कंपन्यांची पथके व साहित्य तेथे पोहोचले होते. असे आलेले पथक गावात कोठे उतरेल, काय खाईल आणि प्रथम कोणत्या वाहिनीकडे जाईल, हे सांगणारा माणूस स्थानिक संस्थेचा असावा लागतो.

आठवड्यांच्या अंधारात इंधनाचाही प्रश्न येतो. वीज नसल्यास पेट्रोल पंपही चालत नाही आणि झाडे पडून रस्ते बंद असल्यास टँकर येत नाही. म्हणून साठा आधी हवा. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेलसारख्या 'ब' वर्गातील इंधनाचा एकूण २,५०० लिटरपर्यंतचा साठा, एका पात्रात १,००० लिटरहून अधिक नसल्यास, परवान्याविना ठेवता येतो. ग्रामीण रुग्णालयाचे साठ किलोवॉट भाराचे जनित्र तीन दिवस अखंड चालवायला सुमारे १,४४० लिटर लागते. म्हणजे ते कायद्याच्या मर्यादेत बसते. मात्र एका टाकीत नव्हे, दोन टाक्यांत. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या आणि स्मशानातील लाकूड यांचाही हिशेब याच कागदावर असावा. निवाऱ्यातील शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा तर यादीत वरच्या क्रमांकावर हवा. तो नसेल, तर स्त्रिया रात्री पाणी पिणेच टाळतात.

पैसा आणि सराव

निधीविषयी थोडक्यात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीपैकी ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी वेगळे केले. प्रतिसादाच्या भागातच एकूण निधीचे दहा टक्के सज्जता व क्षमतावृद्धीसाठी होते. आपत्तीपूर्व कामाला स्वतंत्र कप्पा मिळाला, हे महत्त्वाचे पाऊल होय. त्याच आयोगाने पंचायतींच्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी व स्वच्छता यांना बांधून दिला होता. पंपगृहाची पर्यायी वीज त्या चौकटीत मागणे तर्कसंगत आहे. अनुभव असा की, मागणी मोघम असेल तर ती फिरत राहते; 'अमुक पंपगृह, पाच अश्वशक्ती, रोज पंधरा युनिट, पंधरा केव्हीए जनित्र' अशी लिहिली तर तिला नकार देणे कठीण जाते.

राहिला सराव. पूर्व किनाऱ्यावर तो वर्षातून दोनदा हवा : एप्रिलमध्ये, मोसमपूर्व वादळांच्या आधी, आणि सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळांच्या आधी. हिमालयात तो बर्फ पडण्यापूर्वी घ्यावा. भाषणे नकोत. पूर्वसूचना न देता पंपगृहाचा मुख्य स्विच खाली करावा आणि पाणी टाकीत पडेपर्यंत किती मिनिटे गेली ते लिहावे. जनित्र-खोलीची किल्ली कोणाकडे आहे, तो माणूस रजेवर असेल तर दुसरी कोणाकडे, बॅटरी उतरलेली आहे काय, डिझेल किती महिन्यांपूर्वीचे आहे, या प्रश्नांची उत्तरे त्या अर्ध्या तासात मिळतात. दरमहा भारासह जनित्र चालविण्याच्या डिझेलचे देयक लेखापरीक्षकाने आक्षेप न घेता मंजूर करावे यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आधीच करून ठेवावा. बहुतेक ठिकाणी जनित्र गंजते, ते त्या एका आक्षेपाच्या भीतीने.